कौनासहून डोव्हरपर्यंत: परदेशी पाटीची अवजड गाडी ब्रिटनमध्ये नेताना

लिथुआनिया आणि पोलंडमधल्या वाहतूक कंपन्यांत भारतातून आलेले ड्रायव्हर आता नवीन राहिलेले नाहीत. गाडीला पाटी लिथुआनियाची, खिशात पासपोर्ट भारताचा, माल भलत्याच देशाचा आणि रस्ता पाच देशांतून जाणारा, असा हा प्रवास असतो. लिथुआनियातल्या कौनासहून पोलंड, जर्मनी, बेल्जियम ओलांडून फ्रान्समधल्या कॅले बंदरापर्यंत साधारण १,९०० किलोमीटर, तिथून इंग्लिश खाडी पार करून डोव्हर. या फेरीत नेमकं काय काय करावं लागतं आणि कुठे अडकायला होतं, ते आम्ही नव्या ड्रायव्हरला ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे मांडतो आहोत. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरायची: चूक ऑफिसची असो, माल भरणाऱ्याची असो की कस्टम एजंटची, रस्त्यावर गाडी थांबवली की कागद ड्रायव्हरकडेच मागतात आणि बऱ्याचदा दंडही त्याच्याच हातात ठेवतात. ऑफिसच्या कपाटात मूळ प्रत आहे, हे उत्तर कुठेही चालत नाही.

सुरुवात ड्रायव्हरच्या कागदांपासून. भारतातलं हेवीचं लायसन्स दाखवून युरोपात कंपनीची गाडी चालवता येत नाही. सी-ई वर्गाचं (अवजड गाडी आणि ट्रेलर) युरोपीय लायसन्स लागतं आणि त्यावर ‘कोड ९५’ लागतो. व्यावसायिक ड्रायव्हरचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा तो शिक्का. तो टिकवायला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याशिवाय टॅकोग्राफचं (चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं) ड्रायव्हर कार्ड, निवासपत्र, आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ड्रायव्हर अटेस्टेशन. युरोपीय संघाबाहेरचा नागरिक संघातल्या कंपनीची गाडी आंतरराष्ट्रीय फेरीवर चालवत असेल, तर तो तिथे कायदेशीर नोकरीत आहे असं सांगणारा हा दाखला २००९ च्या १०७२ क्रमांकाच्या नियमावलीनुसार बंधनकारक आहे. तो कंपनीच्या नावे निघतो, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असतो आणि त्याची मूळ प्रत गाडीतच असावी लागते. कंपनी बदलली की जुना दाखला संपला. नव्या कंपनीच्या गाडीत जुन्या कंपनीचा दाखला घेऊन फिरणं म्हणजे दाखला नसल्यासारखंच.

महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरला इथे एक खास अडचण येते. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नावही ‘दिलेल्या नावात’ छापलेलं असतं. निवासपत्रावर ते पूर्ण येतं, लायसन्सवर कधी वडिलांचं नाव गळतं, अटेस्टेशनवर आडनाव आधी लागतं. तपासणाऱ्या पोलिसाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. म्हणून कागद हातात पडला की त्याच दिवशी पासपोर्टच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघायचा आणि फरक दिसला तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्यायची. गाडी जर्मनीत पोहोचल्यावर हे निस्तरता येत नाही.

ब्रिटनसाठी वेगळा व्हिसा लागतो. लिथुआनियाचं निवासपत्र शेंगेन देशांत चालतं, डोव्हरला त्याचा उपयोग नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो. परदेशी कंपनीच्या नोकरीत राहून ब्रिटनमध्ये माल पोहोचवणं किंवा तिथून उचलणं त्यात बसतं. अर्जासोबत कंपनीचं पत्र, नेमणुकीचा करार आणि फेऱ्या कुठल्या मार्गावर आहेत हे दाखवणारे कागद जोडावेत. त्याच पत्राची एक प्रत केबिनमध्येही ठेवावी, कारण कॅलेला ब्रिटिश अधिकारी फ्रान्सच्याच भूमीवर पासपोर्ट तपासतात आणि तिथून मागे फिरवलं तर माल तसाच अडकतो.

गाडीच्या फाइलमध्ये घोड्याचं (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचं) आणि ट्रेलरचं नोंदणीपत्र वेगवेगळं, दोघांच्या तांत्रिक तपासणीचे दाखले, विमा, कम्युनिटी लायसन्सची (कंपनीच्या युरोपीय माल-वाहतूक परवान्याची) प्रमाणित प्रत आणि सीएमआर. सीएमआर म्हणजे आपल्याकडची बिल्टी समजा: पाठवणारा, घेणारा, माल, वजन, भरण्याची आणि उतरवण्याची जागा. ट्रेलर मध्येच बदलला तर सीएमआरवर नवा नंबर चढवल्याशिवाय जागा सोडू नये. पुढचं बरंच काही या नंबरावर अवलंबून असतं.

माल भरताना दोन आकडे डोक्यात ठेवायचे. पाच आसांच्या गाडीचं एकूण वजन ४० टन आणि घोड्याच्या चालक आसावर, म्हणजे इंजिनाचा जोर ज्या आसाला मिळतो त्यावर, ११.५ टन. वजनकाट्यावर एकूण ३९ टन भरतं आणि तरीही आस जास्त निघतो, कारण जड पॅलेट पुढच्या भिंतीला चिकटवून ठेवलेले असतात. म्हणून घोड्याच्या एअर सस्पेन्शनचं वजन डॅशबोर्डवर बघून, गरज पडली तर भरणाऱ्यांना तिथेच माल मागे सरकवायला लावायचा. एकदा दार सील झालं की तो हक्क गेला. ब्रिटनमध्ये जादा वजनाचा दंड टक्क्यांवर ठरतो: १० टक्क्यांच्या आत १०० पौंड, १० ते १५ टक्क्यांपर्यंत २०० पौंड, १५ टक्के आणि वर ३०० पौंड, ३० टक्क्यांपासून प्रकरण थेट कोर्टात. दंड भरून गाडी सुटतेच असं नाही. वजन कमी केल्याशिवाय ती हलू देत नाहीत.

बांधणीचा हिशेब युरोपीय मानकात सरळ दिलेला आहे. ब्रेक लागल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे सरकू बघतो, वळणावर आणि मागच्या बाजूला ०.५ पट. २४ टन मालासाठी हा पुढचा जोर १९.२ टनांचा झाला. घर्षणांक ०.३ असेल तर त्यातले ७.२ टन जमीनच धरते आणि १२ टन तुम्हाला पट्ट्यांनी, पुढच्या भिंतीने धरावे लागतात. तोच माल ०.६ घर्षणाच्या रबरी चटईवर ठेवला तर उरतात फक्त ४.८ टन. चटई स्वस्त आहे आणि जागा खात नाही, तरी लोक पट्टे वाढवत बसतात. पट्ट्याच्या निळ्या लेबलावर एसटीएफचा आकडा बघावा. वरून टाकलेला पट्टा मालाला किती दाबतो ते त्यावरून कळतं. लेबल फाटलेला पट्टा तपासणीत बाद धरला जातो.

आता टॅकोग्राफ. दंडांचा मोठा वाटा इथून येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. नियम थोडक्यात असे: दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यात दोनदा १० तास, आठवड्याला ५६, सलग दोन आठवड्यांत मिळून ९०. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा थांबा, किंवा आधी १५ आणि मग ३०. उलट, आधी ३० आणि मग १५ केलं तर तो थांबा मोजलाच जात नाही. रोजची विश्रांती ११ तास. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मधे तीनदा ती ९ वर आणता येते. साप्ताहिक विश्रांती ४५ तास. ती २४ वर आणली तर उरलेले २१ तास पुढच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत सलग परत घ्यावे लागतात.

हे पाठ असूनही चूक होते ती बटणाची. गाडी थांबली की टॅकोग्राफ आपोआप ‘इतर काम’ म्हणजे हातोड्याच्या चिन्हावर जातो. विश्रांतीचं, पलंगाचं चिन्ह आपण दाबावं लागतं. बटण न दाबता ड्रायव्हर तासभर झोपला तर नोंदीत तो तासभर काम करत होता. दुसरी जागा म्हणजे बंदराची रांग. दर दहा मिनिटांनी गाडी चार हात पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी ४५ मिनिटांचं मोजणं पुन्हा शून्यावर येतं. रांगेत उभं राहणं विश्रांतीत धरू नका. थांबा रांगेत शिरण्याआधी पूर्ण करा, नाहीतर जहाजावर. डोव्हरची फेरीबोट दीड तास घेते, त्यात ४५ मिनिटं आरामात बसतात. रोजची विश्रांती मात्र त्या बोटीवर उरकता येत नाही. फेरीबोट किंवा रेल्वेसाठी विश्रांती दोनदा, एकूण एका तासाच्या आत तोडायची सवलत आहे. पण ती पूर्ण ११ तासांच्या विश्रांतीलाच लागू होते, ९ तासांच्या नाही, आणि झोपायला बर्थ लागतो.

भारतात सुट्टीवर जाऊन आलेल्या ड्रायव्हरचं कार्ड हा स्वतंत्र विषय आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून चालू दिवस आणि त्याआधीचे ५६ दिवस दाखवता यावे लागतात; पूर्वी हे २८ होते. म्हणजे महिनाभराची रजा आता हमखास तपासणीच्या खिडकीत येते. परतल्यावर कार्ड आत घालताना यंत्र मधल्या काळाबद्दल विचारतं, तेव्हा ‘नाही’ दाबून पुढे गेलं की कार्डावर प्रश्नचिन्हाची मोठी पोकळी राहते. ‘हो’ दाबून तो सगळा काळ विश्रांती म्हणून भरायचा. यंत्र आतून यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं. नोंद भरताना समोर यूटीसी मागितली आहे की स्थानिक वेळ, हे आधी वाचायचं, आणि यूटीसी मागितली असताना मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक वजा करायचा. कार्ड हरवलं किंवा बिघडलं तर सात दिवसांत नव्यासाठी अर्ज करावा लागतो आणि कार्डाविना जास्तीत जास्त १५ दिवस चालवता येतं. त्या काळात रोज सुरुवातीला आणि शेवटी प्रिंट काढून मागे नाव, लायसन्स नंबर, सही. त्यामुळे कागदाचे जादा रोल केबिनमध्ये हवेतच.

पार्किंग न मिळाल्याने वेळ उलटला तर सुरक्षित जागेपर्यंत जाण्याची मुभा चालवण्याच्या तासांच्या युरोपीय नियमावलीच्या कलम १२ मध्ये आहे. पण थांबल्या थांबल्या प्रिंट काढून त्याच्या मागे कारण हाताने लिहावं लागतं. तपासणी लागल्यावर लिहिलेलं कारण धरत नाहीत. आणि ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही. बेल्जियममध्ये याला १,८०० युरो दंड आहे, ब्रिटनमध्ये ३०० पौंडांचा. खोलीची पावती जपून ठेवा. खोलीचा खर्च कंपनीने द्यायचा असतो, हे ड्रायव्हरने ठामपणे मागावं.

यंत्र कुठलं आहे तेही बघून घ्या. देशाबाहेर जाणाऱ्या अवजड गाडीत १९ ऑगस्ट २०२५ पासून दुसऱ्या पिढीच्या दुसऱ्या आवृत्तीचा स्मार्ट टॅकोग्राफ असायलाच हवा. तो सीमा आपोआप नोंदवतो. तरी दिवसाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा देश ड्रायव्हरने भरायचाच.

टोलचं लवकर आटपतं. पोलंड, जर्मनी, बेल्जियम सगळीकडे किलोमीटरवर टोल आहे आणि एकच बॉक्स या सगळ्या देशांत चालतो. आसांची संख्या बरोबर भरली आहे का एवढं बघा. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या गाड्यांना बंदी, फ्रान्समध्ये शनिवारी रात्री दहा ते रविवारी रात्री दहा. फ्रान्समध्ये शिरण्याआधी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे ‘आंगल मोर’चे (ड्रायव्हरला न दिसणाऱ्या कोपऱ्यांचा इशारा देणारे) स्टिकर हवेत.

कॅले जवळ आलं की काळजीचा विषय बदलतो. लपून ब्रिटनला जाऊ बघणारी माणसं ट्रेलरमध्ये शिरतात आणि फेब्रुवारी २०२३ पासून त्याचा दंड जबर वाढला आहे: सापडलेल्या प्रत्येक माणसामागे ड्रायव्हरला आणि कंपनीला वेगवेगळा, १०,००० पौंडांपर्यंत. कोणी सापडलं नाही पण गाडी नीट बंद नव्हती, तरी ६,००० पौंडांपर्यंत. ताडपत्रीच्या ट्रेलरला टीआयआर दोरी (कस्टमच्या सीलसाठीची दोरी) सगळ्या कड्यांतून ओवलेली हवी, एकही कडी सुटलेली नको, आणि टोकं सीलमध्ये. प्रत्येक थांब्यानंतर ठरलेला फेरा मारायचा. दोरी हाताने ओढून बघायची. कापून पुन्हा चिकटवलेली दोरी ओढली की सुटते. सीलचा नंबर लिहिलेल्या नंबराशी जुळवायचा. छतावर चीर आहे का ते बघायचं. चीर खालून दिसत नाही. ट्रेलरच्या आत उजेडाची रेघ पडते, किंवा पावसाळी दिवशी पाणी गळतं. खाली आसांच्या वर, पॅलेटच्या पेटीत, घोड्याच्या मागच्या वाऱ्याच्या पंखाआड टॉर्च मारायचा. मग तपासणीच्या यादीवर तारीख, वेळ, जागा, सही. ही भरलेली यादी हाच तुमचा बचाव आहे. तपासणी केली पण लिहिली नाही, तर ती केली हे सिद्ध करता येत नाही.

शेवटचा थांबा बंदरापासून जितका लांब घेता येईल तितका चांगला, आणि तोही कुंपण व पहारा असलेल्या पार्किंगमध्ये. आतून आवाज आला, कुत्रा भुंकला, शंका आली, तर दार स्वतः उघडू नका. बंदरात शिरण्याआधी ११२ फिरवा. शिरल्यानंतर सांगितलेलं उशिराचं ठरतं.

कस्टमचा खेळ जीएमआर या एका नंबरावर चालतो. कंपनी ब्रिटिश यंत्रणेत आयात जाहीरनामा आणि सुरक्षा जाहीरनामा जोडून, घोड्याचा आणि ट्रेलरचा नंबर घालून हा जीएमआर काढते. ३१ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघातून येणाऱ्या मालालाही सुरक्षा जाहीरनामा सक्तीचा आहे. जीएमआर खाडी एकदा पार करण्यापुरताच असतो. ट्रेलर बदलला आणि नंबर जुनाच राहिला तर चेक-इनला गाडी परत फिरते. फ्रेंच बाजूचं निर्यातीचं वेगळं असतं, त्यांचा बारकोडही सोबत हवा. जहाज निघाल्यावर जीएमआर टाकून बघायचं: थेट पुढे जायचं की तपासणीला. तपासणी लागली तर डोव्हरहून आशफर्डजवळच्या सेविंग्टनला जावं लागतं. ते न बघता थेट ग्राहकाकडे गेलात तर गोदामात माल उतरवता येत नाही आणि मागे यावं लागतं, तेही उरलेल्या चालवायच्या तासांतून.

ब्रिटनच्या रस्त्यावर चाक टेकण्याआधी एचजीव्ही लेव्ही, म्हणजे अवजड गाड्यांचा रस्ता-कर, भरलेली हवी. १२ टन आणि वरच्या गाड्यांना ती लागते. १ ऑगस्ट २०२० पासून तीन वर्षं थांबवली होती, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या दरांनी परत आली. दर वजन आणि धुराच्या युरो मानकावर, दिवस, आठवडा, महिना किंवा वर्ष असा. पावती दाखवावी लागत नाही, कॅमेरे पाटी वाचतात. म्हणून नंबर घोड्याचा द्यायचा, ट्रेलरचा नाही, आणि इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत करायची नाही. न भरल्यास ३०० पौंड.

आपल्या ड्रायव्हरला डावीकडून चालवण्याची सवय असते, त्यामुळे ब्रिटन सोपं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. युरोपीय गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे तुम्ही फुटपाथच्या बाजूला बसलेले असता आणि रस्त्याचा मध्य पलीकडे. उजव्या लेनमध्ये जाताना घोड्याच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यापाशी एक अख्खी छोटी कार आरशात दिसेनाशी होते. उजव्या खिडकीच्या काचेवर फ्रेनेल भिंग चिकटवा, पुढचा आरसा खाली झुकवा, आणि इंडिकेटर देऊन चार-पाच सेकंद थांबल्याशिवाय लेन बदलू नका. हेडलाइटचा झोत उजवीकडच्या वाहतुकीसाठी बेतलेला असतो, त्याला स्टिकर लावा किंवा मेनूतून बदला.

वेग मैलांत. साडेसात टनांवरच्या गाडीला इंग्लंड-वेल्समध्ये मोटरवे आणि दुभाजकाच्या रस्त्यावर ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. स्कॉटलंडमध्ये साध्या रस्त्यावर ४०, म्हणजे फक्त ६४ किलोमीटर. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन तुमची नाही. पूल फूट-इंचांत. चार मीटरची गाडी म्हणजे १३ फूट १.५ इंच, हा आकडा मोठ्या अक्षरांत काचेपाशी लावून ठेवा. कमानीच्या पुलावर लिहिलेली उंची मधल्या पट्ट्याची असते, कडेला ती कमी होते, तेव्हा मध्यातूनच जा. कारचा नेव्हिगेशन ॲप वापरून अवजड गाडी नेऊ नका. पूल त्याला माहीतच नसतात.

लंडनमध्ये उतरवायचं असेल तर आधी परवाना. १२ टनांवरच्या प्रत्येक गाडीला, परदेशी असली तरी, डायरेक्ट व्हिजनचा परवाना लागतो. केबिनमधून ड्रायव्हरला थेट किती दिसतं त्यावर गाडीला तारे मिळतात. २८ ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे, नाहीतर सेन्सर, कॅमेरा आणि वळताना बोलणारा भोंगा अशी वाढीव सुरक्षा यंत्रणा. नसल्यास ५५० पौंड, १४ दिवसांत भरल्यास निम्मे.

डीव्हीएसएने (ब्रिटनच्या वाहन तपासणी संस्थेने) थांबवलं तर इंजिन बंद, फाइल हातात, कार्ड आतच. ब्रिटनमध्ये पत्ता नसलेल्या ड्रायव्हरकडून दंड किंवा अनामत जागेवरच घेतात; पैसे न दिल्यास चाकाला कुलूप, ते काढायला वेगळे ८० पौंड. चालवण्याच्या तासांचे गुन्हे मागच्या दिवसांतलेही धरतात, पाच गुन्ह्यांपर्यंत, म्हणजे एका थांब्यात १,५०० पौंडांपर्यंत. कंपनीचं कार्ड किंवा रात्री फोन उचलणारा माणूस नसेल तर गाडी तिथेच राहते. सही करण्याआधी दुभाषा मागता येतो.

माल उतरला की ऑफिसचा फोन येतो: इथलंच एक भाडं आहे, मँचेस्टरहून बर्मिंगहॅम. ते करता येतं, पण मोजून. युरोपीय गाडीला ब्रिटनमध्ये आंतरराष्ट्रीय माल उतरवल्यापासून सात दिवसांत दोनच अंतर्गत फेऱ्या. संघाच्या आत हे तीन आहे आणि तिथे नंतर चार दिवसांची बंदी येते. दोन्ही नियम एकत्र कालवू नका. रिकामी गाडी ब्रिटनमध्ये आणून फेऱ्या सुरू करता येत नाहीत. पुरावा म्हणून ज्या मालाने तुम्ही आलात त्याचा सही-तारखेचा सीएमआर आणि प्रत्येक अंतर्गत फेरीचा कागद लागतो: पाठवणारा, घेणारा, भरण्या-उतरवण्याची जागा आणि तारीख, माल, वजन, घोडा व ट्रेलरचे नंबर. गोदामवाल्याने सहीखाली तारीख लिहिली नाही तर सात दिवस कुठून मोजायचे तेच ठरत नाही. तारीख लिहून घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

परतताना केबिनमधलं खाणं बघा. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पनीर, दही, चीज सँडविच, तूपसुद्धा. एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही संघातून येणाऱ्या मांस-दुधावर तशीच बंदी घातली. पीठ, डाळ, चटणी, तेलातलं लोणचं चालतं. लाकडी पॅलेट परत नेत असाल तर त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि उष्णतेने प्रक्रिया केल्याचा एचटी शिक्का हवा. फ्रेंच कस्टमचा बारकोड डोव्हरला चढण्याआधी जुळवून घेतात आणि जहाजावरच्या पडद्यावर हिरवा की नारिंगी ते दिसतं. नारिंगी असेल तर कॅलेला कस्टमच्या लेनमध्ये.

कौनासला पोहोचल्यावर कार्ड डाउनलोड करून घ्या. कार्डासाठी कमाल मुदत २८ दिवस, यंत्रासाठी ९०. भरलेल्या तपासणी याद्या, प्रिंट, हॉटेलच्या पावत्या आणि सीएमआर ऑफिसात देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण लंडनजवळच्या डार्टफर्डच्या टोलचं किंवा लंडनच्या परवान्याचं पत्र कंपनीच्या पत्त्यावर उशिरा येतं आणि तेव्हा ती गाडी दुसऱ्याच ड्रायव्हरकडे असते.